साक्षीचा कावळा

आमच्या शेजारच्या शामरावतात्यांचा शहरातल्या कावळ्यांवर विश्वास नाही.

पुढाऱ्यावर विश्वास नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. दूधवाल्यावर नसलेली पाहिली, जावयावर नसलेली तर घरोघर आहेत. पण कावळ्याचं इमान तपासणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात हा एकच. आमच्या गच्च्या एकमेकींना चिकटून आहेत. सकाळी मी कपडे वाळत घालायला वर जाते तेव्हा तात्या कठड्याशी उभे असतात. कठड्यावर स्टीलची ताटली, ताटलीत भाकरीचा तुकडा, जरासा खर्डा, चहात बुडवलेलं बेकरीतलं कडक बटर, आणि त्यावर तुटून पडलेले चार-पाच कावळे. तात्या त्यांना फैलावर घेत असतात.

"खावा, खावा. तुमचं काय जातंय? कोपऱ्यावरच्या गाड्याचं पाव खाऊन माजलासा. बाई, ह्यांची साक्ष धरायची न्हाई बरं का."

बाई म्हणजे मी. सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत गेलं, त्यामुळे गल्लीत मला नावानं कुणी हाक मारत नाही. माझा नवरासुद्धा चिडला की 'बाई' म्हणतो. आणि तात्या म्हणजे फौंड्रीतले मोल्डर, ओतकामाचे साचे करणारे. जन्मभर भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून बोलले. आता भट्टी सुटली, आवाज सुटला नाही. ते पलीकडच्या गच्चीवर कावळ्याला बोलतात आणि अलीकडच्या तीन घरांतली माणसं दचकून उठतात.

आता ही साक्ष कसली, हे सांगायचं तर जरा मागं जायला पाहिजे.

शालनकाकी, म्हणजे तात्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. चांगली धडधाकट बाई. दुपारी धुणं वाळत घालून आली, 'जरा पडतो' म्हणाली आणि पडली ती उठलीच नाही. (आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मी शाळेत पोरींना 'येते, जाते' शिकवत राहिले आणि पोरी घरी जाऊन आयांसारखंच बोलत राहिल्या. ते असो.) सांगायचं काय, तर काकी एका शब्दानं काही बोलून गेली नाही. ना निरोप, ना इच्छा, ना 'ह्यांचं बघा' म्हणून कुणाच्या हातात हात.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं पानावर वाढून नदीकाठी ठेवतात आणि मंडळी लांब जाऊन कावळ्याची वाट बघत उभी राहतात. कावळा शिवला की जीव सुटला, कशात अडकलेला नाही. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय. मग एकेक जण पुढं होऊन हात जोडून कबूल करतो, हे करीन, ते बघीन, तू काळजी करू नको.

काकीच्या पानावर भाकरी, खर्डा, दहीभात, कांदाभजी, चहा आणि बटर असा थाट होता. कावळा आला. नदीकाठच्या शेडच्या पत्र्यावर बसला, मान वाकडी करून बघितलं, खाली उतरला, काकीच्या पानाभोवती एक फेरी मारली आणि टुणटुण उड्या मारत शेजारच्या पानावर गेला. ते पान कुणा परक्या म्हाताऱ्याचं. त्यावर एक बिडी आणि जिलेबीचा तुकडा. कावळ्यानं जिलेबी उचलली. शेजारची मंडळी 'शिवला, शिवला' करत गाड्या चालू करून निघूनसुद्धा गेली.

मग आमच्याकडची कबुली सुरू झाली. लेक पुण्याहून आली होती, ती रडत पुढं झाली, "आई, बाबांना मी सांभाळतो." कावळा नाही. तात्यांचे धाकटे भाऊ, ज्यांच्याशी तात्या शेताच्या बांधावरून कित्येक वर्षं बोलत नव्हते, ते म्हणाले, "वैनी, भांडान मिटलं आमचं." कावळा नाही. गल्लीतल्या एका बाईनं तर "तुमच्या मालिकेत फुडं काय होतंय ते मी रोज फोटोला येऊन सांगतो" असंसुद्धा कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, गाईला घाला आता. पान गाईनं खाल्लं. गाईचं काय, ती कुणाला नाही म्हणत नाही.

तात्या तिथून घरी आले ते एकच प्रश्न घेऊन. "काय राह्यलं असंल ओ तिचं?"

दुसरा कुणी असता तर चार दिवस हळहळला असता आणि कामाला लागला असता. तात्यांनी हेच काम धरलं.

पहिल्यांदा घराला आंबा कलर दिला. काकी एकदा राजारामपुरीतल्या कुठल्याशा बंगल्याकडे बघून 'किती ग्वाड दिसतंय न्हवं' म्हणाली होती म्हणे. तो कलर असा झगझगीत निघाला की रिक्षावाले आता आमची गल्ली 'पिवळ्या घरावरनं आत' अशीच सांगतात. उन्हाळ्यात दुपारी त्या भिंतीकडे बघवत नाही. माझ्या स्वयंपाकघरात त्याचा उजेड पडतो आणि भात केला तरी साखरभात केल्यासारखा दिसतो.

मग मालिका. ज्या बाईनं मालिका सांगायचं कबूल केलं होतं ती आठवडाभरात विसरली, म्हणून तात्या स्वतः बसले. जन्मात कधी मालिका न बघितलेला माणूस. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर फोटो मांडायचा आणि भट्टीवरच्या आवाजात तिला समजावून सांगायचं, "ती न्हवं शालन, ती धाकटी. थोरलीचं डोस्कं फिरलंय." मालिका संपायला दीड वर्ष लागलं. शेवटच्या भागात सगळे एकत्र फोटो काढतात, ते बघून तात्या म्हणाले, "एवढ्यासाठी बसवलं व्हय मला?"

भावाकडे गेले. गडमुडशिंगीला भावाच्या घरात जमिनीवर मांडी घालून जेवून आले, आणि येताना भाऊच मोटरसायकलवरनं पोचवायला आला. ते मात्र बरं झालं. काकीच्या निमित्तानं एक वैर तरी मिटलं.

सगळ्यात कहर म्हणजे विमान. उजळाईवाडीच्या विमानतळावरनं विमान उडताना काकी म्हणे दर वेळी अंगणात येऊन वर बघायची. तात्यांनी दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं, आणि दुसरंही स्वतःचंच, म्हणजे एक जाताना आणि एक येताना, पण खिडकीची जागा पाहिजे म्हणून हट्ट. मांडीवर काकीचा फ्रेम केलेला फोटो, हारासकट. तपासणीच्या ठिकाणी तिथल्या पोरीनं विचारलं, "काका, हे काय?" तात्या म्हणाले, "आमची मंडळी. पयल्यांदाच बसालीया, जरा दमानं घ्या." पोरगी बिचारी हसावं की रडावं अशी झाली. विमान वर गेल्यावर तात्यांनी फोटोचं तोंड खिडकीकडे केलं आणि स्वतः डोळे मिटून घेतले, कारण त्यांना उंचीची भीती वाटते. काकीनं सगळं बघितलं, तात्यांनी काही बघितलं नाही.

असं प्रत्येक काम झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर ताटली. आणि विचारायचं, "शालन, ह्ये हुतं का?"

कावळ्यांनी खाल्लं तर तात्या म्हणायचे, "भुकंनं खाल्लं. ह्ये न्हवं." आणि एखाद्या दिवशी कावळे फिरकले नाहीत तर, "बगा, आलं सुदीक न्हाईत. ह्ये न्हवं."

एक दिवस माझं डोकं फिरलं. मी हातातली साडी पिळता पिळता म्हटलं, "तात्या, खाल्लं तरी नापास, नाही खाल्लं तरी नापास. असा पेपर मी उभ्या जन्मात काढला नाही. मग तुमचा पास करणारा कावळा आहे तरी कुठला?"

"डोंगरातला," तात्या लगेच म्हणाले. "ज्येनं मानसाचं उष्टं कदी चाखलं न्हाई त्यो. त्येला लालूच न्हाई, त्येला वळख न्हाई. त्यो शिवला तर मी म्हनीन, खरं."

अगदी बिनघोर म्हणाले. कोल्हापुरात बसून डोंगरातल्या कावळ्याची हमी द्यायला काय जातं?

आणि त्याच आठवड्यात मला आठवलं.

आठवलं म्हणजे, मी सांडग्यांचा डबा काढला आणि काकी डोळ्यांसमोर उभी राहिली. ती असताना दर उन्हाळ्यात आम्ही दोघी गच्चीवर बसून सांडगे घालायचो. काकीचं माहेर गगनबावड्याच्या बाजूला, बोरजाईच्या डोंगराखालच्या वाडीत. आता तिथं तिचं कुणी उरलेलं नाही. पण सांडगे घालताना ती तिथलंच बोलायची. "मी बारकी असताना म्हशी घेऊन वर जायचो, बाई. माथ्यावर काय सुदीक न्हाई. देवीचा एक धोंडा आनि वारं. पर तितनं खाली कोकान दिसतंय. ह्यास्नी एकदा न्यायचं हाय वर. ऐकालेतच न्हाईत." आणि मग हसायची, पदर तोंडाला लावून.

मी ओल्या हातानं तशीच कठड्याशी गेले. "तात्या, सापडलं. बोरजाईचा डोंगर. काकीला तुम्हाला वर न्यायचं होतं."

मला वाटलं होतं माणूस उडी मारेल. तात्या टॉवेल झटकत होते. ते झटकायचे थांबले, टॉवेलाची घडी घातली, ती मोडली, परत घातली.

"तुमास्नी कुनी सांगितलं?"

"काकीनं. स्वतः."

"आसंल," म्हणाले आणि खाली निघून गेले.

मला राग आला. एखाद्याला हरवलेली किल्ली शोधून द्यावी आणि त्यानं ती घ्यायलाच हात पुढं करू नये, तसं झालं. चार वर्षं गल्लीला वेठीला धरणारा हा माणूस, आणि आता आयतं उत्तर हातात दिलं तर 'आसंल'? मी काय गप्प बसणारी बाई आहे? मी मागं लागले.

पावसाळ्यात म्हणाले, "गगनबावड्याचा पाऊस तुमाला म्हाईत न्हाई, बाई. मानूस उभ्या उभ्या कुजतंय." बरं. दसरा झाल्यावर म्हणाले, वाटेवर जळवा असतील. जळवा संपल्या तर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, "त्येंच्या मागं गाडी अडाकली तर सांज हुईल." मग गवे. गवे फिरालेत म्हणे. शेवटी गुडघा. हा गुडघा मोठा हुशार होता. मंडईत जाताना, भावाकडे जाताना, तालमीपुढं तासभर उभं राहून कुस्तीवर वाद घालताना तो ठणठणीत असायचा. बोरजाईचं नाव काढलं की दुखायचा.

"डोंगरातला कावळा तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हटलं. "आता मागं फिरायचं नाही. संक्रांत झाली की पहिल्या रविवारी निघायचं. आमचे हे गाडी काढतील."

आमच्या ह्यांना मी विचारलं नव्हतं, पण ते काही मोठं नाही.

रविवारी पहाटे मी भाकऱ्या थापल्या, खर्डा केला, थर्मासमध्ये चहा भरला, बेकरीतलं बटर घेतलं. तात्यांना घरातून काढायला गेले तर ते इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर आणि टोपी घालून खुर्चीवर बसून होते. एवढं स्वच्छ मी त्यांना लेकीच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, माणूस मनानं तयार झाला.

वाटेवरच्या कळे गावापर्यंत तात्या सारखे बोलत होते. कुठल्या फौंड्रीत कुणाचा हात भाजला, कुठल्या पैलवानानं कुणाला चितपट केलं. कळ्याला चहासाठी थांबलो. तात्यांनी एक चहा घेतला, मग दुसरा घेतला, मग हॉटेलवाल्याकडे त्याच्या गावाची, पावण्यारावळ्यांची चौकशी केली, मग तिसरा मागवला. मी उठून गाडीत जाऊन बसले आणि दार जोरात लावलं. तेव्हा आले. तिथून पुढं मात्र एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही बाजूंना ऊस, मग भाताची मोकळी खाचरं, मग डोंगर जवळ आले. भट्टीवरचा आवाज बंद झाल्यावर गाडी एकदम मोठी वाटायला लागली.

डोंगराच्या पायथ्याशी आमच्या ह्यांनी सावलीत गाडी लावली, पेपर काढला आणि चिवड्याची पिशवी फोडली. "मी गाडी सांभाळतो," म्हणाले. त्या रानात गाडी चोरायला कोण येणार होतं देव जाणे. पण ह्यांचे गुडघे खरे दुखतात, म्हणून मी काही बोलले नाही.

बोरजाई काही फार उंच नाही. तासाभराची चढण. आधी झाडी, मग तांबड्या जांभ्या दगडाची वाट, मग उघडा माळ. वाटेत माणूस म्हणून भेटलं नाही. वाळलेलं गवत वाऱ्यावर सळसळत होतं, एवढाच आवाज. तात्या प्रत्येक बऱ्या धोंड्यावर बसत होते. एकदा चपलेत खडा गेला म्हणून बसले, एकदा शेण बघून "गव्याचं हाय" म्हणत बसले. मी खाली बघितलं, तर ते म्हशीचं होतं हे मलासुद्धा कळत होतं.

निम्म्या वाटेवर एका सपाट जांभ्यावर बसले आणि उठेचनात. मी पाण्याची बाटली पुढं केली. ती त्यांनी घेतली नाही.

"बाई," ते म्हणाले, आणि त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा एवढा खाली ऐकला. "ह्ये मला पयल्या दिशीच ठावं हुतं."

"काय?"

"ह्यो डोंगर. तितं नदीवर उभं हुतो तवाच ठावं हुतं. दर दिवाळीला म्हनायची ती, औंदा बोरजाईला जाऊया. मी म्हनायचो, जाऊ की. न्हाई म्हनून कदी म्हटलं न्हाई, बाई. न्हाई म्हटलं असतं तर भांडली असती, आनि एकटी का हुईना, गेली असती. जाऊ की म्हटलं की गप बसायची. मला बी त्ये कळालतं. म्हनून तसंच म्हनायचो."

मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, काकीच्या वतीनं. आलाही थोडा. पण धोतराच्या सोग्यानं ते कपाळ पुसत होते आणि वय एकदम तोंडावर आलं होतं.

"मग नदीवरच का नाही कबूल केलंत? लोक मालिका कबूल करत होते, तुम्ही डोंगर कबूल करायचा."

ते चपलेचा अंगठा चाचपत राहिले. मला वाटलं, लाज. एवढी साधी गोष्ट जन्मभर केली नाही, ती चारचौघांत कशी कबूल करायची, म्हणून हे सगळे रंग, विमान आणि फोटो. मी मनात त्यांना माफ करून टाकलं. शाळेतली सवय. म्हटलं, "असू दे. उशिरा का होईना, आलात ना? आज एकदाचं सुटेल. उठा."

ते उठले. हात धरून उठवावं लागलं.

माथ्यावर, काकी म्हणायची तसंच, काही नव्हतं. शेंदूर फासलेला एक धोंडा, त्याच्यापुढं कुणीतरी कधीतरी फोडलेल्या नारळाची करवंटी, आणि वारं. पलीकडे डोंगर एकदम तुटतो आणि खाली, फार खाली, कोकण. हिरवं, धुरकट, एखाद-दुसरं लाल कौल. माणसाचा आवाज नाही, गाडीचा नाही, पाखराचासुद्धा नाही. मला उगीच हळू बोलावंसं वाटलं. तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि कड्यापासून चांगले लांब उभे राहून बघत राहिले. ह्या वेळी डोळे उघडे ठेवले होते.

"हितं म्हशी आनायची," म्हणाले. "केवडीशी पोर. आनि म्हशी पडल्या असत्या म्हंजे?"

बराच वेळ बघितल्यावर त्यांनी वर आभाळात बघितलं, चारी बाजूंना बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. "कावळाच न्हाई ओ हितं. चला, जाऊया."

"बसा," मी म्हटलं.

मी पिशवीतून पत्रावळ काढली, भाकरी, खर्डा, बटर मांडलं, थर्मासमधला चहा द्रोणात ओतला. तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते धोंड्याच्या अलीकडे ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला खडा ठेवला, आणि हात जोडले. मी कान दिले होते, पण त्यांनी नेहमीचं विचारलं नाही. फक्त म्हणाले, "शालन, आलोय गं. दिसलं कोकान." आणि आम्ही दोघं लांब जाऊन बसलो.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मला वाटायला लागलं होतं की तात्या म्हणतात ते खरं, इथं कावळा नाहीच. आणि तेवढ्यात तो आला. कड्याखालून वर आला, वाऱ्यावर तरंगत. डोमकावळा, चोचीपासून शेपटीपर्यंत काळाभोर, आमच्या गल्लीतल्यांच्या दीडपट. धोंड्यावर उतरला. पंख मिटले. आमच्याकडे बघितलं, पत्रावळीकडे बघितलं. गडबड नाही, हावरेपणा नाही. एक उडी मारून खाली आला. दुसरी उडी मारून पत्रावळीच्या कडेला. माझ्या डोळ्यांपुढं काकी आली, पदर तोंडाला लावून हसणारी. म्हटलं, जा बाई, सुट आता. कावळ्यानं मान खाली घातली.

"हाऽड."

तात्या उठले होते. हातात टोपी घेऊन, धोतर सावरत, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ते कावळ्याच्या अंगावर धावले. "हाड, हाड. जा तिकडं." त्यांनी टोपी फेकून मारली. कावळा एकदा ओरडला, उडाला आणि कड्यावरून खाली कोकणात उतरत गेला, ठिपका होऊन दिसेनासा झाला. टोपी गवतात पडली होती. पत्रावळ जशीच्या तशी.

मी बसल्या जागेवरून ओरडले, "तात्या, काय केलंसा हे?"

माझ्या तोंडून सुद्धा 'केलंसा' आलं.

तात्या पाठमोरे उभे होते. "शिवला असता की ओ त्यो," ते म्हणाले.

"मग? त्याच्यासाठीच आलो ना आपण एवढं?"

ते वळले. रडत होते. चांगले सत्तरी उलटलेले, भट्टीपुढं उभं राहून जन्म काढलेले, आणि लहान पोरासारखे तोंड वेडंवाकडं करून रडत होते.

"शिवला म्हंजे ग्येलीच की ती, बाई. सुटली. आनि मग उद्या सकाळी उठून मी काय करायचं?"

मी इतकी वर्षं पोरांना शिकवलं. उत्तर येत नसेल तर गप्प बसू नये, काहीतरी लिहावं, असं पोरांना सांगत आले. मी उठले, त्यांची टोपी शोधली, गवताची कुसळं झटकली आणि त्यांच्या हातात दिली. मला त्यांची दया आली असं म्हणत नाही, दया फार लहान शब्द आहे. मला काकीचा हेवा वाटला, आणि तो वाटल्याची लाजही वाटली. मग मीही बसले आणि रडून घेतलं. तिथं बघायला कोण होतं?

तात्यांनी पत्रावळ स्वतः बांधली. खर्डा सांडू नये म्हणून दोन कागद गुंडाळले. "खाली गाय भेटंल एकांदी," म्हणाले. उतरताना ते एकाही धोंड्यावर बसले नाहीत.

पायथ्याशी आमचे हे पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. गाडीचं दार वाजल्यावर उठले. "झालं? शिवला का?"

तात्या थांबले. माझ्याकडे बघितलं. शाळेत पोरं पट्टी बघून असं बघतात, पण शाळेत मी कधी कुणाला सोडलं नाही.

"कावळाच नव्हता वर," मी म्हटलं. "एकसुद्धा आला नाही."

"कमाल आहे," हे म्हणाले. "डोंगरात सुद्धा कावळे राहिले नाहीत म्हणजे बघा." आणि कळ्यापर्यंत ते जंगलतोडीवर बोलत राहिले. मी हूं हूं करत होते. मागच्या सीटवर तात्या खिडकीची काच खाली करून, वाऱ्यात तोंड धरून बसले होते.

कळे गेल्यावर मागून आवाज आला, चांगला मोठा, भट्टीवरचा.

"बाई, मला आता आठीवलं. तिला पवायला शिकायचं हुतं. म्हायेरच्या नदीत शिकायची राह्यली म्हनायची."

आमचे हे आरशातून बघत म्हणाले, "तात्या, या वयात पोहायला?"

मी ह्यांच्या हातावर चापट मारली आणि तोंड खिडकीकडे केलं, कारण डोळे परत भरून आले होते.

"शिका की तात्या," मी म्हटलं. "उन्हाळा लागू दे जरा. पाणी गार असतंय अजून."